अळ्या पाळणारी मारिया

वांगं चिरताना आत अळी निघाली की आपण काय करतो? तेवढा भाग काढून फेकतो आणि पुढचं वांगं हातात घेतो. भरताची वांगी घेताना तर खान्देशातली बाई देठाशी भोक आहे का, हे फिरवून फिरवून बघितल्याशिवाय पैसेच काढत नाही. फ्लॉवरमध्ये अळी, मटारमध्ये अळी, पावसाळ्यात मेथीच्या जुडीत अळी. वर्षभरात आपल्या हाताखालून किती अळ्या जातात, त्याचा हिशोब कुणी ठेवलाय? पण मैत्रिणींनो, ती अळी तशीच राहू दिली असती तर पुढे तिचं काय झालं असतं, हे आपल्यापैकी किती जणींनी बघितलं असेल?

आज जिची गोष्ट सांगणार आहे, तिने आयुष्यभर तेच केलं. अळ्या घरात आणल्या, डब्यात ठेवल्या, त्यांना रोज ताजा पाला घातला आणि त्यांचं काय होतं ते बघत बसली. लग्न, दोन मुली, मोडलेला संसार, कर्ज, आजारपण, सगळं सांभाळून बघत बसली. तिचं नाव मारिया सिबिला मेरियन. युरो येण्याआधी जर्मनीत पाचशे मार्कांची जी नोट होती, तिच्यावर या बाईचं चित्र होतं.

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७ चा, जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरातला. इकडे तेव्हा शिवाजी महाराज सतरा वर्षांचे होते. वडील शहरांची चित्रं आणि पुस्तकं छापणारे नामांकित कारागीर. पण मारिया तीन वर्षांची असतानाच ते वारले. आईने दुसरं लग्न केलं ते याकोब मारेल नावाच्या चित्रकाराशी. सावत्र बाप म्हटलं की आपल्या मनात भलतंच काही येतं. या माणसाने मात्र मुलीचा हात ओळखला आणि तिला चित्रकला शिकवली. फुलं रंगवायची, फुलांवर एखादा किडा, एखादं पाखरू बसवायचं. फुलांच्या चित्रांत शोभेसाठी असं काही तरी घालायची तेव्हा पद्धतच होती.

इतरांना शोभेचा असलेला तो किडा मारियाला मात्र महत्त्वाचा वाटायला लागला. तेरा वर्षांची असताना, १६६० साली, तिने रेशमाचे किडे पाळायला सुरुवात केली. किड्याने कात टाकली, कोष विणला, कोषातून पांढरं पाखरू निघालं. मग तिच्या मनात आलं, की झाडाझुडपांवरच्या या इतर अळ्यांचंही असंच होत असेल का? त्या दिवसापासून ती दिसेल ती अळी घरी आणू लागली.

आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. अळीचं फुलपाखरू होतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या काळी भल्या भल्या विद्वानांना वाटे, की किडे आपोआप जन्मतात. चिखलातून, शेणातून, सडक्या मांसातून. इटलीत फ्रान्सेस्को रेडीने मांस कापडाने झाकून, माशी बसली नाही तर अळ्या होत नाहीत, असं दाखवलं ते १६६८ साली. मारियाची टिपणं त्याच्या आधी सुरू झाली होती. आणि ती कुठल्या विद्यापीठात गेलेली नव्हती. मुलींना तिथे प्रवेशच नव्हता.

१६६५ साली तिचं लग्न झालं. नवरा योहान ग्राफ, सावत्र वडिलांचाच शिष्य. १६६८ साली मोठी मुलगी योहाना झाली. दहा वर्षांनी धाकटी डोरोथिया. संसार न्यूरेंबर्ग शहरात. पैशांची ओढाताण असावी, कारण मारिया घरात रंग तयार करून विकायची, कापडावर फुलं रंगवून द्यायची आणि श्रीमंतांच्या मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवायची. आपल्याकडे भरतकामाचे नमुने असलेली पुस्तकं मिळतात ना, तसं फुलांच्या नमुन्यांचं पुस्तक तिने १६७५ साली काढलं. शिवराज्याभिषेकाच्या पुढच्याच वर्षी.

पण खरं काम चाललं होतं ते डब्यांमध्ये. बागेत फिरायचं, अळी जिथे सापडेल तिथला पालाही सोबत घ्यायचा. पाला रोज बदलायचा. अळीने कधी कात टाकली, रंग कधी बदलला, कोष किती दिवस राहिला, त्यातून काय निघालं, सगळं टिपून ठेवायचं आणि शेजारी छोटंसं चित्र काढायचं. तिच्या लक्षात आलं, की बऱ्याच अळ्या एका ठराविकच झाडाचा पाला खातात. तो नाही मिळाला तर उपाशी मरतील, पण दुसरा तोंडात घेणार नाहीत. कधी असंही व्हायचं, की पाखराची वाट बघावी आणि कोषातून बारीक बारीक माश्याच बाहेर पडाव्यात. तिला ते कोडं सुटलं नाही, पण तिने ते लिहून ठेवलं. आज आपल्याला माहीत आहे, की काही कीटक दुसऱ्याच्या अळीत अंडी घालतात. शेतकरी त्यांना मित्रकीटक म्हणतात.

१६७९ साली तिचं सुरवंटांवरचं पुस्तक आलं. पन्नास चित्रं. प्रत्येक चित्रात मध्यभागी झाड, आणि त्याच झाडावर त्या किड्याची अळी, कोष, पाखरू, जमलं तर अंडीही. तोपर्यंतचे चित्रकार किडे ओळीने मांडत, पेटीत टाचणीने लावल्यासारखे. किडा कुठे राहतो, काय खातो, आधी कसा होता, नंतर कसा झाला, हे सगळं एकाच पानावर आणण्याचं काम मारियाने केलं. आणि पुस्तक लिहिलं ते विद्वानांच्या लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या जर्मन भाषेत. दुसरा भाग आला १६८३ साली.

यानंतर तिच्या आयुष्याने वळण घेतलं. सावत्र वडील गेले, ती मुलींना घेऊन आईकडे परत आली. आणि १६८५च्या सुमारास आई आणि दोन्ही मुलींसह हॉलंडमधल्या एका धार्मिक पंथाच्या वस्तीत जाऊन राहिली. तिथे खासगी मालमत्ता नाही, नटणं-मुरडणं नाही, सगळ्यांनी मिळून काम करायचं. नवरा न्यायला आला. तिने भेट नाकारली. तो परत गेला आणि पुढे घटस्फोट झाला. का गेली, काय बिनसलं होतं, तिने कुठे लिहून ठेवलेलं नाही. अळीच्या प्रत्येक कातीची तारीख टिपणाऱ्या बाईने स्वतःच्या संसाराबद्दल एक ओळ लिहिली नाही. मला तिच्याबद्दल वाचताना हीच गोष्ट सगळ्यात जास्त जवळची वाटली. आपल्या आया-आज्यांनीही कुठे लिहून ठेवलं?

आई वारल्यावर १६९१ साली ती मुलींसह ॲमस्टरडॅमला आली. तिथे नवरा जिवंत असतानाही ती स्वतःला विधवा म्हणवून घेत असे. का, ते सांगायला नकोच. एकट्या बाईला व्यवहार करायचा तर विधवा हा शब्द त्यातल्या त्यात सोयीचा पडत असणार. मायलेकी मिळून चित्रं काढत, रंग विकत. ॲमस्टरडॅम म्हणजे जगभरचा माल येणारं बंदर. श्रीमंतांच्या घरी दूरदेशीच्या किड्यांचे, शिंपल्यांचे संग्रह असत. मारियाने ते जाऊन पाहिले. पाखरं सुंदर होती, पण मेलेली. ती कुठल्या अळीपासून झाली, ती अळी काय खात होती, कुणालाच सांगता येत नव्हतं.

मग या बाईने काय करावं? १६९९ साली तिने आपली दोनशे पंचावन्न चित्रं विकायला काढली, मृत्युपत्र केलं, आणि एकवीस वर्षांच्या धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेच्या जहाजात बसली. वय बावन्न. जायचं होतं सुरिनामला, जिथे डच लोकांचे उसाचे मळे होते. याच सुरिनाममध्ये पुढे १८७३ पासून आपल्या उत्तर भारतातले मजूरही नेले गेले. दोन महिन्यांचा समुद्रप्रवास, सोबत पुरुष कुणी नाही, मागे कुठल्या राजाचा किंवा संस्थेचा आधार नाही.

तिथले मळेवाले तिला हसत. साखर सोडून इथे बघण्यासारखं काय आहे, असा त्यांचा सूर. मारियाने त्यांच्याबद्दल स्पष्टच लिहिलं, की या लोकांना उसापलीकडे काही पिकवायची हौसच नाही. ती जंगलात शिरत असे. पुढे गुलाम माणसं कोयत्याने वाट काढत. उकाडा एवढा की चित्र काढताना जीव कासावीस व्हायचा. केळीवर, पेरूवर, डाळिंबावर, एरंडावर, कपाशीवर, अननसावर, कशाकशावर कुठल्या अळ्या येतात ते तिने बघितलं. जळगावच्या बाईने ती चित्रं अवश्य बघावीत. केळफुलाच्या लालसर पाकळ्यांखाली उलगडत गेलेल्या फण्या आणि त्यावर अळी, कोष, पाखरू. केळी पिकवणाऱ्या माणसाला ते चित्र घरचंच वाटेल.

या प्रवासातली एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे अंगणात, रस्त्याच्या कडेला लाल-पिवळ्या तुऱ्यांचं एक झुडूप असतं. शंकासुर म्हणतात त्याला. सुरिनाममध्येही ते होतं. मारियाने त्याचं चित्र काढलं आणि शेजारी लिहून ठेवलं, की इथल्या गुलाम बायका या झाडाच्या बिया गर्भ पाडण्यासाठी वापरतात. आपलं मूल आपल्यासारखंच गुलाम म्हणून जन्माला येऊ नये म्हणून. हे त्या बायकांनी स्वतः तिला सांगितलं होतं. वरवर ते किड्यांचं पुस्तक, पण त्यात हे दुःखही नोंदलं गेलं, कारण लिहिणारी बाई होती आणि सांगणाऱ्याही बायकाच होत्या. एखाद्या पुरुष संशोधकाला त्यांनी हे सांगितलं असतं का, मला शंका आहे.

तरी मारियाला देवी करायचं कारण नाही. तिची कामंही गुलाम माणसांनीच केली. अळ्या आणून देणारे, झाडांची नावं सांगणारे, ओझी वाहणारे तेच होते. परत येताना तिने तिथल्या एका आदिवासी बाईला सोबत हॉलंडला आणलं. त्या बाईचं नाव कुठे नोंदलेलं नाही. ज्यांच्या माहितीवर पुस्तक उभं राहिलं त्यांची नावं पुस्तकात नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं.

पाच वर्षं राहायचं ठरवून गेलेली मारिया दोन वर्षांच्या आत, १७०१ साली परतली. तापाने तिला पार खिळखिळं केलं होतं. पण १७०५ साली सुरिनामच्या कीटकांचं तिचं मोठं पुस्तक निघालं. साठ चित्रं, डच आणि लॅटिन दोन्ही भाषांत, स्वतःच्या जबाबदारीवर काढलेलं. पुढे सगळ्या सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही तिच्या चित्रांचा आधार घेतला. नंतरच्या शतकात काही पंडितांनी तिला खोटारडी ठरवलं. पक्ष्याला खाणारा कोळी तिने काढला होता, तसं काही नसतंच म्हणाले. मग १८६३ साली हेन्री बेट्स या इंग्रज निसर्ग अभ्यासकाने ॲमेझॉनच्या जंगलात तसा कोळी पाहिल्याचं लिहिलं, तेव्हा ती तोंडं बंद झाली. तिचं काही चुकलंही होतं. एका किड्याचं डोकं रात्री दिव्यासारखं चमकतं असं तिने लिहिलं, ते खरं नाही. पण एवढ्या कामात अशा चुका मोजक्याच.

शेवटच्या काळात तिला अर्धांगवायू झाला होता. १३ जानेवारी १७१७ रोजी ती गेली. रशियाच्या झार पीटरने तिची चित्रं विकत घेतली. डोरोथियाने आईच्या सुरवंटांच्या पुस्तकाचा तिसरा भाग त्याच वर्षी प्रसिद्ध केला आणि पुढे रशियाला जाऊन झारच्या पदरी काम केलं.

पण एक प्रश्न मारियाच्या सोबतच गेला. एकाच जिवाला इतकी वेगवेगळी शरीरं कशी मिळतात? खादाड, गुबगुबीत, सरपटणारी अळी. न खाता न हलता पडून असलेला कोष. आणि मग पंखवालं पाखरू. काय होतं ते तिने डोळ्यांनी बघून दाखवलं. कसं होतं याचं उत्तर मिळायला अडीचशे-तीनशे वर्षं लागली. ते आपल्या अंगणातल्या उदाहरणावरून सांगते.

कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या झाडावर एक अळी येते. लहान असताना ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट, मध्ये पांढरा डाग. मी गेल्या पावसाळ्यात दोन अळ्या बरणीत ठेवल्या होत्या, तोंडाला जाळीचं कापड बांधून. शेवटची कात टाकली आणि शिटेसारखी ती अळी एकदम हिरवीगार होऊन पानात दिसेनाशी झाली. हे होतं कशाने? अळीच्या अंगात एक रस असतो, संप्रेरक म्हणतात त्याला. तो आहे तोवर ती बाळपणात राहते. तो कमी झाला की रूप बदलतं. याच जातकुळीतल्या एका फुलपाखरावर जपानी शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिलं, की तो रस कमी झाला म्हणूनच शिटेचा रंग जाऊन हिरवा रंग येतो. पुढे दुसरा एक रस जोर करतो आणि अळी कोषात जाते.

हे रस म्हणजे हुकूम देणारे. हुकूम ऐकतात ती जनुकं. आता इथे नीट लक्ष द्या बरं का. अळीच्या पायातल्या पेशीत जी जनुकं असतात, तीच फुलपाखराच्या पंखातल्या पेशीत असतात. संच एकच. बदलतं ते एवढंच, की कुठलं जनुक कधी आणि कुठे जागं व्हायचं आणि कधी गप्प बसायचं. मारिया मुलींना भरतकाम शिकवायची ना? डब्यात दोरे तेच. कुठल्या घरात कुठला दोरा घालायचा यावर मोर उमटणार की गुलाब, ते ठरतं. किड्यांमध्ये हे ठरवणारी काही मुख्य जनुकं आता सापडली आहेत. एक अळीपण राखतं, दुसरं कोष घडवतं, तिसरं मोठ्या कीटकाचं शरीर घडवतं. एकाने दुसऱ्याला जागा करून द्यायची, असा तो क्रम. अळीपण राखणाऱ्या जनुकाची भूमिका स्पष्ट झाली ती २०२२ साली, आणि त्या कामात लिन रिडिफर्ड या ज्येष्ठ संशोधिकेचा वाटा आहे.

बरं, हे झालं एका किड्याच्या आयुष्यातलं. पण वेगवेगळ्या किड्यांची शरीरं इतकी वेगळी कशी झाली? पुन्हा आपल्या घरात या. वांग्यातली अळी आणि बोरातली अळी, दोन्ही आपण अळीच म्हणतो. मेहरूणची बोरं जळगावकरांना वेगळी सांगायला नकोत. संक्रांतीला, पोरांच्या बोरन्हाणाला ती लागतातच. पण नीट बघा, वांग्यातल्या अळीला पाय असतात. ती पतंगाची अळी, तिला पुढे चार पंख फुटतात. बोरातल्या अळीला पायच नसतात. ती माशीची अळी, तिला पुढे दोनच पंख येतात. मग माशीचे मागचे दोन पंख गेले कुठे?

ते गेले नाहीत. पंखांच्या मागे माशीला दोन बारीक गुंड्या असतात, टाचणीच्या डोक्यासारख्या. उडताना त्या तोल सांभाळतात. त्याच मागच्या पंखांच्या जागी आहेत. हे कळलं ते पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांमुळे. न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत ही चिलटं पाळत आणि त्यांना खायला केळीच देत. तिथे १९१५ साली कॅल्विन ब्रिजेस या तरुणाला एक विचित्र चिलट सापडलं. त्याची गुंडी पंखासारखी पसरलेली होती. पुढे एडवर्ड लुईस या शास्त्रज्ञाने काही दशकं त्याच चिलटांचा पिच्छा पुरवला आणि शेवटी पूर्ण चार पंखांचं चिलट तयार झालेलं दाखवलं. नवीन काहीच घातलं नव्हतं. अल्ट्राबायथोरॅक्स नावाचं एक जनुक त्या जागी बंद पडलं होतं, एवढंच. म्हणजे मागचे पंख करायचं सामान माशीकडे अजूनही आहे. ते जनुक त्याला तिथे दाबून ठेवतं.

१९९५ साली लुईस यांना नोबेल मिळालं. त्यात वाटेकरी होत्या ख्रिस्तियाने न्युसलाइन-फोल्हार्ड. अंड्यापासून माशीचं शरीर कुठली जनुकं आखतात, हे त्यांनी एरिक विशाउस या सहकाऱ्यासोबत शोधून काढलं. योगायोग बघा, त्या लहानाच्या मोठ्या झाल्या त्या मारियाच्याच फ्रँकफुर्टमध्ये. पुढे २००४ साली त्यांनी एक प्रतिष्ठान काढलं. लहान मुलं असलेल्या तरुण संशोधक बायकांना घरकामासाठी आणि मुलं सांभाळायला बाई ठेवता यावी, म्हणून पैसे देणारं. नोबेल मिळालेल्या बाईला नेमकी अडचण कुठे असते ते ठाऊक होतं!

आता गंमत अशी, की ते पंख दाबणारं जनुक फुलपाखरातही आहे आणि मधमाशीतही आहे. मागच्या पंखाच्या जागी ते जागंही असतं. तरी त्यांना मागचे पंख आहेतच! मग फरक कशात? या प्रश्नावर आपल्या पुण्यात काम झालं आहे. पुण्याच्या आयसर संस्थेत एल. एस. शशिधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चिलट, मधमाशी आणि रेशमाचा किडा यांची तुलना केली. ते काम २०१६ साली प्रसिद्ध झालं. दुसऱ्या कीटकांमधलं ते जनुक चिलटात घातलं, तर तेही पंख दाबू शकतं. म्हणजे हुकूम देणारा तोच आहे. तो कुणाकुणाला हुकूम देतो आणि कुणाला नाही, ही यादी प्रत्येक कीटकात वेगळी झाली. कोट्यवधी वर्षांत त्या यादीत फेरफार होत गेले, आणि एकाकडे पंख राहिला, दुसऱ्याकडे त्याची गुंडी झाली. नवं शरीर घडायला दर वेळी नवी जनुकं लागतातच असं नाही. जुन्यांच्याच वेळा आणि जागा बदलल्या तरी पुरतं. मारियाने तेरा वर्षांची असताना ज्या रेशमाच्या किड्यापासून सुरुवात केली, तो या उत्तरातही आहे.

मला या सगळ्यातून काय दिसतं सांगू? कधी आणि कुठे, या दोन गोष्टींत किड्याच्या शरीराचं सगळं गुपित आहे. आणि मारियाने आयुष्यभर टिपलं ते हेच, की कधी कात टाकली, कुठल्या पानावर टाकली. तिच्याकडे जनुक हा शब्द नव्हता, चांगलं भिंग तेवढं असेल. पण नोंद बरोबर होती, म्हणून ती टिकली. आणि ती नोंद झाली घरात, मुली सांभाळत, रंग वाटता वाटता. घरात बसून काय शास्त्र होतं, असं कुणी म्हटलं तर हे उदाहरण तोंडावर फेकायला हरकत नाही.

तेव्हा सुट्टीत पोरं कंटाळली म्हणून कुरकुर करायला लागली, की एक काम करा. लिंबावरची किंवा कढीपत्त्यावरची अळी पानासकट बरणीत ठेवा. वर जाळीचं कापड बांधा, रोज ताजा पाला द्या, आणि एका वहीत तारीख घालून काय दिसलं ते लिहायला लावा. मुलीला आधी लावा. कोष झाल्यावर हलवू नका. बहुतेक दहा-पंधरा दिवसांत फुलपाखरू निघेल, ते अंगणात सोडून द्या.

आणि ज्यांच्या दारात, बांधावर बोरीचं झाड आहे त्यांच्यासाठी एक. बोरातली अळी फळ पोखरून झालं की खाली मातीत जाऊन कोष करते. गळलेली किडकी बोरं झाडाखाली कुजू देऊ नका, गोळा करून नष्ट करा. उन्हाळ्यात झाडाखालची माती खालीवर करा म्हणजे कोष उन्हात उघडे पडतील. कुठल्या टप्प्यावर किडा कुठे असतो हे कळलं, तर पुढच्या संक्रांतीला चार चांगली बोरं जास्त मिळतील.